एकटा पडला, की पाडला?

मराठी समीक्षेत गेली साठसत्तर वर्षं एक शब्द फार मानानं मिरवतो आहे. एकटेपण. त्याचे भाऊबंदही आहेत. तुटलेपण, परात्मता, पोकळी, अगतिकता. आधुनिक माणूस एकटा आहे, यंत्रानं आणि शहरानं त्याला गिळलं आहे, त्याच्या हातात काही उरलेलं नाही, आणि आधुनिक साहित्य म्हणजे ह्या गिळलेल्या माणसाचं साहित्य, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. पोरं ते परीक्षेत लिहितात आणि मार्कं मिळवतात.

माणूस एकटा असतो ह्यावर माझं भांडण नाही. भांडण क्रियापदावर आहे. आपल्या भाषेत पडणे आहे आणि पाडणे आहे. भिंत पडली म्हटलं की लोक म्हणतात, पाऊस फार झाला, भिंत जुनी होती. भिंत पाडली म्हटलं की पहिला सवाल येतो, कुणी? माणूस एकटा पडला म्हटलं की नशीब येतं, विश्व येतं, अस्तित्व येतं. एकटा पाडला म्हटलं की माणसं येतात, त्यांची नावं येतात, गाव येतं, कचेरी येते. आधुनिक साहित्याचा इतिहास मला ह्या दोन क्रियापदांचा इतिहास वाटतो. आणि ही गोष्ट आत्ताच लिहायचं कारण असं की आपल्याच पोरांच्या कवितांत अलीकडं 'पाडला' दिसेनासा झालाय आणि 'पडला' वाढत चाललाय. पोकळी, शून्य, अंधार, आरसा. वस्तीतला पोरगा लिहितो, पण कवितेत वस्ती नाही, आणि त्याला तिथं कुणी ठेवलं तेही नाही.

सुरुवात परक्या मुलखापासून करू. कारण एकटेपणाचा जो मोठा देव मानला जातो तो तिथला. फ्रान्झ काफ्का. जन्म १८८३, गाव प्राग. चेक लोकांच्या शहरात जर्मन बोलणारा, आणि जर्मन बोलणाऱ्यांत ज्यू. म्हणजे एका वाड्यात दोनदा परका. १९२४ साली क्षयानं गेला. पुढं त्याच्या तिन्ही बहिणी नाझींनी मारल्या. त्याच्या मोठ्या कादंबऱ्या तो मेल्यावर छापल्या गेल्या. 'द ट्रायल' १९२५ ला, 'द कॅसल' १९२६ ला. त्यानं त्या जाळायला सांगितल्या होत्या, मित्रानं जाळल्या नाहीत.

आपल्याकडं काफ्का सांगताना त्याची स्वप्नं सांगतात, बापाची भीती सांगतात. त्याची नोकरी एका ओळीत उरकतात. पण नोकरी बघा. कायद्याची पदवी घेतलेला हा माणूस १९०८ पासून १९२२ पर्यंत बोहेमियाच्या कामगार अपघात विमा संस्थेत होता. कुठल्या कारखान्यात धोका किती, मालकानं विम्याचा हप्ता किती भरायचा, हे ती संस्था ठरवायची. मालक हप्ता कमी करा म्हणून अर्ज करायचे, त्यांना उत्तरं लिहिणं ह्याचं काम. कारखाने बघायला जायचा. लाकूड तासायच्या रंधायंत्रावर त्यानं संस्थेच्या अहवालात एक लेख लिहिला, १९१० सालचा. यंत्राचा दांडा चौकोनी असला की पातं आणि टेबल ह्यांच्यात फट मोठी राहते, हात घसरला की बोटं आत जातात. म्हणून गोल दांडा वापरा, असं सांगणारा तो लेख. बरोबर चित्रं. बोटं तुटलेल्या हातांची.

मी सूतगिरणीत रिंगवर काम करतो. मला ह्या लेखाची गोष्ट कळली तेव्हापासून काफ्का मला गूढ वाटत नाही. बोटाची किंमत टेबलावर कशी ठरते ते ज्यानं रोज बघितलं, त्यानं अगतिकता आकाशातून आणली नव्हती.

त्याची १९१५ साली छापलेली 'मेटामॉर्फोसिस' घ्या. ग्रेगोर साम्सा सकाळी उठतो तर किडा झालेला. सगळे किड्यावर बोलतात. पण हा ग्रेगोर करतो काय? कापडाचे नमुने घेऊन गावोगाव फिरतो. आईबापाचं कर्ज मालकाकडं आहे, ते फेडेपर्यंत नोकरी सोडता येत नाही. किडा झाल्यावरही त्याच्या डोक्यात पहिली काळजी येते ती पाचची गाडी चुकल्याची. आजारी आहे असं कळवावं तर मालक विम्याच्या डॉक्टरला घेऊन येईल, आणि त्या डॉक्टरच्या लेखी जगात आजारी कुणी नसतंच, नुसते कामचोर असतात. सात वाजून थोडा वेळ होतो न होतो तोच कचेरीतला साहेब दारात हजर. सांगा, ह्यात गूढ काय आहे? पहिल्या पाळीला खाडा झालेला कुठलाही माणूस ही गोष्ट न अडखळता वाचील. कर्ज, मालक, डॉक्टर, साहेब, सगळे हजर आहेत. पाडणारे गोष्टीत आहेत. समीक्षेनं त्यांना बाहेर काढलं आणि किडा तेवढा ठेवला.

'द कॅसल'मध्ये तर एक प्रकरण असं आहे की ते वाचताना आपल्याला आपलं गाव दिसावं. गावावर किल्ल्यातल्या अधिकाऱ्यांची सत्ता आहे. एक अधिकारी अमालिया नावाच्या पोरीला घाणेरडी चिठ्ठी पाठवून बोलावतो. ती चिठ्ठी फाडते आणि आणणाऱ्याच्या तोंडावर फेकते. एवढंच. किल्ल्यातून काही हुकूम येत नाही, कुणाला शिक्षा होत नाही. पण गाव आपोआप मागं सरतं. पोरीचा बाप चांभार आहे, जोडे करणारा. गिऱ्हाइकं एकेक येतात आणि आपापले जोडे परत घेऊन जातात. त्याच्याच हाताखालचा माणूस वेगळं दुकान मांडतो. गावच्या आगबंब पथकात त्याला मान होता, तो काढून घेतात. हळूहळू घरही जातं. बाप किल्ल्याच्या कारकुनांकडं हेलपाटे घालतो, माफी करा म्हणतो. ते म्हणतात, कसली माफी? तुझ्याविरुद्ध तक्रारच नाही. गुन्हा नाही, तर माफी कशाची देणार?

ह्याला आपल्या भाषेत शब्द आहे. वाळीत टाकणे. पुस्तकात त्याला अस्तित्ववाद म्हणतात.

आता इकडं या. तारखा बघा. काफ्का ३ जून १९२४ ला गेला. त्याच सालच्या २० जुलैला मुंबईत बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. त्याआधी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघालं होतं. पुढं ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' निघालं. ह्या नावांवरून नजर फिरवा. मूक, म्हणजे ज्याच्या हातात काही नाही, तोंडातही नाही. बहिष्कृत, म्हणजे ज्याला बाहेर काढलं. अगतिकता आणि एकटेपण हे आधुनिक साहित्याचे दोन विषय म्हणून युरोपातून मराठीत आले असं आपल्याला शिकवतात. ते यायच्या आधी आपल्या वर्तमानपत्रांच्या मथळ्यावर हेच दोन शब्द छापलेले होते. फरक एवढाच की 'बहिष्कृत' ह्या शब्दाच्या पोटात करणारा बसलेला आहे. आपोआप कुणी बहिष्कृत होत नाही. कुणीतरी करावं लागतं.

कसं करतात, त्याचीही नोंद आहे. १९२८ साली मुंबई सरकारनं स्टार्ट ह्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली, बाबासाहेब तिचे सभासद होते. अहवाल १९३० ला आला. त्यात सरळ लिहिलंय की अस्पृश्य जमीन कसतात तीही गावातल्या बड्यांच्या मर्जीवर, मजुरीही त्यांच्याच शेतावर, आणि हक्क मागितला की हीच गोष्ट हत्यार म्हणून वापरली जाते. कसायला दिलेली जमीन काढून घ्यायची, कामावर बोलवायचं नाही, बलुतं बंद करायचं, वाट अडवायची, वाण्याला सांगायचं की ह्यांना मीठमिरची देऊ नको. कारण काय असावं? चांगले कपडे घातले, जमीन घेतली, नवरदेवाची वरात घोड्यावरून गावातनं काढली. चिठ्ठी फाडण्याइतकंच मोठं कारण.

काफ्काची आणखी एक छोटी गोष्ट आहे, १९१५ सालची, पुढं 'द ट्रायल'मध्ये घातलेली. खेड्यातला एक माणूस कायद्याच्या दारात येतो. दार उघडं आहे. पहारेकरी म्हणतो, आत्ता नाही. माणूस स्टुलावर बसून राहतो. वर्षामागून वर्षं. तिथंच म्हातारा होतो, तिथंच मरतो. मरताना त्याला कळतं की हे दार फक्त त्याच्यासाठी होतं.

महाडचं तळंही असंच उघडं होतं. १९२३ साली मुंबई कायदे मंडळात बोल्यांचा ठराव पास झाला की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. १९२४ ला महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर कुणी अडवलेलं नाही. तक्रारच नाही, मग माफी कशाची? आणि तरी पाण्याला हात लावायची सोय नाही. २० मार्च १९२७ ला लोक रांगेनं तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. स्टुलावर बसले नाहीत. पण म्हणून गोष्ट सुखाची झाली असं समजू नका. देवळात शिरणार अशी हूल उठवून त्याच दिवशी माणसांना मारलं, परतीच्या वाटेवर गावोगाव मारलं. तळ्याचा दावा कोर्टात चालला तो १७ मार्च १९३७ पर्यंत, तेव्हा हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला. ओंजळभर पाण्याला दहा वर्षं.

मग मराठी साहित्यात हे एकटेपण कुठनं आलं? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आलं. रेशन, काळा बाजार, गर्दी, यंत्रं, मुंबई. मर्ढेकरांचं 'काही कविता' १९४७ चं. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. मर्ढेकरांना मी कमी लेखणार नाही. यंत्राच्या दातात सापडलेला लहान माणूस त्यांनी मराठी कवितेत आणला, ते मोठं काम आहे. पण त्यांच्या शहरातली गर्दी एकजिनसी आहे. सगळे सारखेच चिरडलेले. खरी मुंबई तशी नव्हती.

गिरणीचंच बघा. साचाखात्यात, म्हणजे जिथं कापड विणतात तिथं, पगार जास्त. रिंगखात्यात कमी. अस्पृश्य कामगार रिंगखात्यात असत, साचाखात्यात त्यांना मज्जाव. का? कांडी संपली की नवी कांडी धोट्यात घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातनं तोंडानं ओढायचं. महारानं तोंड लावलेला धोटा मराठा कसा तोंडाला लावणार? मालकाला धोटा बाटण्याचं काही नव्हतं, त्याला कापडाशी मतलब. अडवणारे शेजारी उभे राहणारे कामगार होते. १९२८ चा मोठा संप सहा महिन्यांच्या आसपास चालला. त्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढं हा सवाल टाकला की साचाखातं आमच्यासाठी उघडणार का ते आधी सांगा.

यंत्रानं माणसाला माणसापासून तोडलं, हे मार्क्सनं १८४४ च्या टिपणांत मांडलं आणि ते खरंच आहे. आपल्या मालापासून तुटला, कामापासून तुटला, सोबत्यापासून तुटला. पण इथं एक कामगार यंत्राजवळ पोहोचायच्या आधीच तोडलेला होता. एका भोंग्यावर दोघं आत शिरत, एका वाफेत घामाघूम होत, आणि मधे एक वीतभर लाकडाचा धोटा. गिरणीतला हा धोटा नवकवितेत मला सापडला नाही. मी शोधला.

१९६३ साली मराठीत दोन पुस्तकं आली. दोन्हींत घर सोडून निघालेला तरुण आहे. एक भालचंद्र नेमाड्यांचं 'कोसला'. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग पुण्याला शिकायला जातो, तिथं त्याचं काही जमत नाही, सगळ्याचा वीट येतो, शेवटी गावी परत येतो. पुस्तक खरं आहे, भाषा जिवंत आहे. दुसरं बाबूराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती'. त्या नावाच्या गोष्टीतला तरुण रेल्वेच्या नोकरीवर परमुलखात जातो. राहायला खोली पाहिजे. खोलीसाठी जात लपवावी लागते. एक दिवस ती उघडी पडते आणि मार बसतो.

दोघंही एकटे. पण पांडुरंगाला परत जायला घर आहे, बापाची शेती आहे, वैतागायला खोली आहे. बागुलांच्या माणसाचा सगळा झगडाच मुळी खोलीसाठी. खोलीत बसून मला काही अर्थ सापडत नाही असं म्हणायला आधी खोली मिळावी लागते. मी नेमाड्यांना दोष देत नाही. ज्याचं जसं जगणं तसं त्यानं लिहावं. पण एका एकटेपणाला मानवी आणि दुसऱ्याला जातीय म्हणायचं, एकाला विश्वाचा दाखला द्यायचा आणि दुसऱ्याला तहसीलदाराचा, ही वाटणी कुणी केली ते विचारलं पाहिजे. बागुलांचा माणूस मार खाऊन शेवटी मारणाऱ्याचं नाव घेतो, तेव्हा समोरच्या गुंडांचं घेत नाही, मनूचं घेतो. कर्ता शोधायचा कसा, ते तिथं शिकावं. हात दिसतात ते एवढेच, त्यांच्या पाठीमागचा हुकूम दोन हजार वर्षांचा.

हे फक्त आपल्याकडंच झालं असं नाही. अमेरिकेत राल्फ एलिसननं १९५२ साली 'इन्व्हिजिबल मॅन' लिहिली. त्यातल्या काळ्या माणसाला नाव नाही. तो तळघरात राहतो, १,३६९ दिवे लावून, कंपनीची वीज चोरून. तो अदृश्य आहे, पण जादूनं नव्हे. समोरचे त्याला बघायला तयार नाहीत म्हणून. तोच माणूस आधी एका रंगाच्या कारखान्यात कामाला असतो. कारखान्याचा पांढरा रंग देशात नावाजलेला. तो पांढराशुभ्र व्हावा म्हणून प्रत्येक डब्यात काळ्या द्रवाचे दहा थेंब टाकून ढवळायचे, दिसेनासे होईपर्यंत. अदृश्य करण्याची पद्धतच त्यानं मोजून दाखवली. आपल्याकडं म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले, जनार्दन वाघमाऱ्यांनी निग्रो साहित्यावर मराठीत लिहिलं, औरंगाबादेत गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' चाललं, त्यामुळं ही हवा आपल्यापर्यंत आली. १९७२ साली 'दलित पँथर' हे नाव आलं तेही तिकडच्या ब्लॅक पँथरवरून, आणि त्याच साली ढसाळांचं 'गोलपिठा'.

इथं एक धोका सांगितला पाहिजे. कर्ता बाहेरचा दाखवला की आपलं काम संपलं असं नाही. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ चं. त्यात दगडू पवार दया पवारला आपली कहाणी सांगतो. म्हणजे एकाच माणसाचे दोन झालेत. शिकलेला, नोकरीला लागलेला माणूस वस्तीत बसत नाही आणि कचेरीतही बसत नाही. बोलायला कुणी नाही म्हणून आपल्याच जुन्या नावाशी बोलतो. हे एकटेपण घोषणेनं मिटत नाही. आणि बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमचं' १९८६ ला पुस्तक झालं, ते त्यांनी कित्येक वर्षं नवऱ्यापासून लपवून लिहिलेलं. आपल्या घरात, आपल्याच माणसापासून लपवून. महारवाड्यातल्या सुनेला एकटं कुणी पाडलं, ह्याचं उत्तर गावकुसापलीकडं बोट दाखवून पुरं होत नाही. बोट वळवावं लागतं. ज्यानं 'कुणी?' हा सवाल शिकला त्याला तो घरातही विचारावा लागेल, नाहीतर तो सवाल नव्हता, नुसती शिवी होती.

आज काय आहे? २०१६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला, २०१७ पासून तो लागू आहे. ॲट्रॉसिटी कायद्यातही २०१५ च्या दुरुस्तीनं सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा गुन्हा म्हणून घातला. म्हणजे कायद्यालाही 'पाडला' हे क्रियापद कळलं. दार उघडं आहे. पहारेकरीही आहेत. आणि गिरण्यांत आता कायम माणूस कमी, कंत्राटी जास्त. काम तुटतं तेव्हा नोटीस येत नाही, उद्या येऊ नको असा फोन येतो. सुपरवायझर म्हणतो कंत्राटदाराला विचार, कंत्राटदार म्हणतो कंपनीला विचार, कंपनी म्हणते तू आमचा माणूसच नाहीस, तक्रार कसली? अमालियाचा बाप ह्याच जिन्यावर हेलपाटे घालत होता.

अशा वेळी आपला कवी पोकळीवर लिहितो तेव्हा मला राग येत नाही, भीती वाटते. पोकळीला मालक नसतो. शून्यावर कुणी दावा लावू शकत नाही. अंधारात कुणाचंच तोंड दिसत नाही, आणि ज्यांना तोंड दाखवायचं नाही त्यांची त्यात सोय आहे.

म्हणून दोस्तहो, एकटेपणावर लिहाच. रात्रपाळीला मशिनीच्या आवाजात माणूस कसा आपल्याशीच बोलतो ते लिहा. खोली नाकारलेला, प्रेमात नाकारलेला, आपल्याच जातभाईंत परका झालेला, सगळं लिहा. रडावंसं वाटलं तर रडा, विद्रोही कवीनं रडू नये असा काही नियम नाही. फक्त कविता झाली की ती परत एकदा वाचा आणि बघा की जोडे परत घेऊन जाणारी गिऱ्हाइकं तिच्यात आहेत का. तो वाणी, तो कारकून, तो शेजारी, धोट्याला तोंड लावू न देणारा तो आपलाच सोबती. नसतील तर त्यांना आत आणा. त्यांच्याशिवाय आपल्या एकटेपणाचा हिशेब जुळत नाही.